इंग्रजी परिच्छेदाचे प्रकार आणि बाबासाहेबांचे गद्य

आम्ही मुळात इतिहासाचे शिक्षक. विद्यालयात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा नववी-दहावीचे इंग्रजीचे तास तात्पुरते म्हणून आमच्याकडे आले. आणि तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे जशा टिकतात, तसे ते अकरा वर्षे टिकले आहेत. त्यामुळे पुढे जे लिहीत आहोत ते इंग्रजीच्या पंडिताचे विवेचन नव्हे. मुलांना शिकविता शिकविता जे स्वतःला उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने एकत्र करून ठेवावे, एवढाच हेतू आहे.

पहिल्याच वर्षी सहामाही परीक्षेत ‘अ रेनी डे’ या विषयावर परिच्छेद लिहावयाचा होता. ४२ उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांपैकी २९ उत्तरपत्रिकांतील मुलगा छत्री विसरून शाळेस निघाला होता, वाटेत एका मोटारीने त्याच्या अंगावर चिखल उडविला होता, आणि घरी पोहोचताच आईने त्याच्या हाती गरम सुपाचा वाडगा दिला होता. गाईडातील परिच्छेद मुलांनी स्वल्पविरामासह पाठ केला होता. त्यांत एक मुलगा असा होता की, त्याच वर्षीच्या आषाढात त्याच्या घरावरचे पत्रे वादळाने उडाले होते आणि घरातल्या माणसांनी ती रात्र समाजमंदिरात काढली होती. त्यानेही सूपच प्यायले होते. आम्ही त्याला जवळ बोलावून त्या रात्रीविषयी विचारले. पाच मिनिटांत त्याने सारे सांगितले: पत्रे उडताना झालेला आवाज, भिजलेले दाणे, आजीला पाठीवर घेऊन निघालेले वडील. “मग हे का नाही लिहिलेस?” असे विचारताच तो म्हणाला, “सर, हे पॅराग्राफमध्ये चालतं का?”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते. परिच्छेदात काय चालते आणि काय चालत नाही, याचा विचार आम्हीही कधी केलेला नव्हता. एम.ए.ला असताना आम्ही लिहिलेल्या एका इंग्रजी निबंधात सलग साडेतीन पाने एकच परिच्छेद होता. मार्गदर्शकांनी समासात केवळ एक शब्द लिहून तो परत केला होता: ‘ब्रीद!’ म्हणजे श्वास घ्या. त्याचा अर्थ आम्हांस शिक्षक झाल्यावर कळला.

परिच्छेद म्हणजे ओळींचा गठ्ठा नव्हे. एक मुद्दा हाती घ्यावा, तो वाचकाच्या पदरात पडेपर्यंत सोडू नये, आणि पडला की थांबावे. एवढ्या मजकुराला परिच्छेद म्हणावे. त्याची लांबी ठरलेली नसते. या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. ‘पॅराग्राफ’ हा मूळचा ग्रीक शब्द. ‘बाजूला लिहिलेले’ असा त्याचा अर्थ. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत मजकूर सलग असे आणि विषय पालटला की समासाशी एक आडवी रेघ ओढीत. म्हणजे आरंभी परिच्छेद हा मजकुराचा तुकडा नव्हता. वाचणाऱ्यासाठी केलेली खूण होती. पुढे मध्ययुगीन हस्तलिखितांत त्या जागी रंगीत शाईचे चिन्ह आले. नकलनवीस त्या चिन्हासाठी जागा कोरी सोडीत. चिन्ह काढणारा वेगळा असे. छपाईच्या काळात अनेकदा ते चिन्ह काढायचे राहून जाई आणि कोरी जागा मात्र तशीच उरे. आज परिच्छेदाच्या आरंभी आपण जी थोडी जागा सोडतो, ती त्या न काढलेल्या चिन्हाची आठवण आहे.

आपल्याकडे मोडी कागदपत्रांत आधी ओळीची रेघ ओढीत आणि तिच्याखाली अक्षरे सलग, शब्दांत अंतर न ठेवता लिहीत. बखरींचे मूळ कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना एक मजकूर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे शोधताना होणारे कष्ट ठाऊक आहेत. मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी यांना दिले जाते. परिच्छेदाची आजची शिस्तही त्याच मुद्रित ग्रंथांच्या काळात आपल्या अंगवळणी पडली. तेव्हा आमच्या मुलांना परिच्छेद पाडता येत नाहीत याचा फार विषाद मानण्याचे कारण नाही. ती रीत आपल्या भाषेतही तशी अलीकडचीच आहे.

आता प्रकारांकडे वळू. ॲबर्डीन विद्यापीठातील तर्कशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली इंग्रजी रचनेवरील आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. परिच्छेदास एक विषय असावा, तो आरंभीच्या वाक्यात सूचित व्हावा, आणि प्रत्येक वाक्याचा मागच्या वाक्याशी संबंध दिसावा, हे आजही शाळेत शिकविले जाणारे नियम मुख्यतः त्यांचे. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या अमेरिकी पाठ्यपुस्तकांतून चार प्रकार रूढ झाले: नॅरेटिव्ह म्हणजे कथनात्मक, डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे वर्णनात्मक, एक्स्पोझिटरी म्हणजे विवेचनात्मक आणि आर्ग्युमेंटेटिव्ह म्हणजे युक्तिवादात्मक. व्याख्या सोप्या आहेत आणि मुले त्या दोन दिवसांत पाठ करतात. अडचण पुढेच सुरू होते. कोणता प्रकार केव्हा योजावा, हे व्याख्येतून कळत नाही.

ते आम्हांस कळले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनातून. त्यांचे ग्रंथ आपण विचारांसाठी वाचतो, ते योग्यच आहे. पण विचार वाचकापर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी वाक्ये कशी मांडली, परिच्छेद कोठे तोडला, याकडे आपले लक्ष जात नाही. घरात सुताराने केलेला पाट असावा आणि आपण फक्त त्यावर बसावे, सांधा कसा जुळविला आहे हे कधी उलटून पाहू नये, तसे आपले झाले आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे आत्मकथनपर लेखन प्रामुख्याने परदेशी वाचकांसाठी आहे. त्याच्या आरंभीच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा आहे: अस्पृश्यता काय असते हे दूरच्या माणसाला कसे समजावयाचे? दोन वाटा आहेत. एक, तिचे सर्वसाधारण वर्णन करावयाचे. दुसरी, प्रत्यक्ष घडलेले प्रसंग नोंदवावयाचे. बाबासाहेब दोन्ही वाटांचा उघड उल्लेख करतात आणि दुसरी अधिक परिणामकारक ठरेल असे सांगून ती पत्करतात. एवढा मोठा अभ्यासक लिहावयास बसण्यापूर्वी वर्णन की कथन हा विचार करतो, हे आम्ही दहावीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुले प्रथमच या विषयाकडे कान देऊन बसली. परिच्छेदाचा प्रकार निवडणे म्हणजे आपला वाचक कोण, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, हे ओळखणे होय.

त्या लेखनातील पहिलाच प्रसंग पाहावा. साल १९०१. साताऱ्याहून लहान मुले कामाच्या गावी असलेल्या वडिलांना भेटावयास आगगाडीने निघाली आहेत. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्थानकावर ती उतरतात. न्यावयास कोणी आलेले नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तरांचा समज होतो की ही ब्राह्मणांची मुले असावीत. जात कळताच त्यांची मुद्रा पालटते. मग गाडीवान मिळत नाही. मिळतो तो दुप्पट भाड्यावर, आणि बैलगाडी मुलांनीच हाकावयाची, तो पायी चालणार. जवळ खाण्याचे आहे, पण वाटेत प्यावयास पाणी मिळत नाही.

कथनात्मक परिच्छेदाचे सारे नियम येथे आहेत. घटना काळाच्या क्रमाने येतात. प्रत्येक परिच्छेद एका वळणावर संपतो: गाडीतून उतरणे, जात विचारली जाणे, भाड्याची बोलणी, रात्र. आणि कपड्यांचा तपशील हा सजावटीसाठी आलेला नाही. ते कपडे नसते तर स्टेशनमास्तरांचा समज झाला नसता, आणि समज झाला नसता तर मुद्रा पालटली नसती. पुढे ज्याचा उपयोग व्हावयाचा आहे तेच आधी नोंदविलेले आहे. लेखक कोठेही ‘किती हा अन्याय’ असे म्हणत थांबत नाही. आमच्या मुलांचे इंग्रजी कथन नेमके येथे घसरते. दोन ओळी झाल्या की ‘व्हेरी सॅड’ आणि ‘व्हेरी बॅड’ येते, आणि घटना मागे राहते.

वर्णनात्मक परिच्छेदास काळाचा क्रम नसतो, जागेचा असतो. दूरून जवळ, बाहेरून आत, उजवीकडून डावीकडे. कोणताही क्रम घ्यावा, पण एकच घ्यावा. त्याच पुस्तकात १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस मंडळी, किल्ला पाहावयास गेली. प्रवासाने अंगभर धूळ. किल्ल्याच्या प्रवेशापाशी काठोकाठ भरलेले पाण्याचे टाके, भोवती दगडी फरसबंदी. वर्णन जवळजवळ एवढेच. किल्ल्याचा खंदक, अंधारी वाट, मनोरे यांपैकी काही नाही, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांस प्रथम त्याची रुखरुख वाटली होती. परंतु पुढे जे घडले ते त्या पाण्यावरून घडले. मंडळींनी तोंडे धुतली आणि टाके बाटविल्याचा गिल्ला झाला. म्हणून वाचकास टाके दिसले पाहिजे आणि ते भरलेले दिसले पाहिजे. किल्ल्याचे बाकीचे सौंदर्य त्या परिच्छेदाच्या कामाचे नव्हते.

वर्णन हे केवळ डोंगर-नदीचे नसते, हेही मुलांना सांगावे लागते. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात हिंदू खेड्याचे जे चित्र आहे, त्यात आत वस्ती कोणाची, बाहेर कोणाची, बाहेरची वस्ती दक्षिणेलाच का, हे आहे. आम्ही मुलांना आपापल्या गावाचा असा नकाशा काढावयास सांगतो आणि मग नकाशाकडे पाहून इंग्रजीत आठ वाक्ये लिहावयास सांगतो. ‘माय व्हिलेज इज ब्यूटिफुल’ हे वाक्य त्यानंतर आपोआपच कमी होते.

विवेचनात्मक परिच्छेद आमच्या मुलांना सर्वांत अवघड जातो, आणि पुढच्या शिक्षणात लागतो तो मुख्यतः हाच. त्यात काही घडत नाही, काही दिसत नाही. काही तरी उलगडते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जात म्हणजे काय, हा प्रश्न. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर यांच्या व्याख्या ते एकेक करून पुढे ठेवतात, प्रत्येकीत काय आहे आणि काय सुटले आहे ते पाहतात, आणि सर्वांच्या गाळणीतून एकच लक्षण उरवतात: जातीच्या आतच विवाह. मग त्या एका लक्षणावरून पुढची पायरी. जातीतच विवाह करावयाचा, तर स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे. पती आधी वारला तर स्त्री उरते. पत्नी आधी वारली तर पुरुष उरतो. उरलेल्या स्त्रीचे काय आणि उरलेल्या पुरुषाचे काय, या प्रश्नांच्या उत्तरांतून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा होतो.

त्या निबंधात एका परिच्छेदात एक पायरी असते. पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य मागच्या पायरीवर पाय ठेवूनच वर चढते. यालाच टॉपिक सेंटेन्स, म्हणजे विषयवाक्य म्हणतात. मुलांना आम्ही एक युक्ती देतो: एखाद्या चांगल्या इंग्रजी लेखातील फक्त प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचीत जावे. लेख विवेचनात्मक असेल तर त्या वाक्यांतूनच त्याचा सांगाडा बहुधा हाती लागतो. कथनात ही युक्ती चालत नाही, आणि ती का चालत नाही हे शोधण्यातही एक तास चांगला जातो.

आमचा एक अनुभव असा की, मराठीत आपण मुद्द्याकडे वळणे घेत जातो. आधी पाहुण्यांचे स्वागत, मग थोडी पार्श्वभूमी, मग दाखला, आणि शेवटी मूळ गोष्ट. कीर्तनात आणि सभेत हे शोभते. इंग्रजी विवेचनाचा वाचक मात्र दारातच विचारतो, काय काम आहे? त्याला उत्तर दारातच द्यावे लागते. यात एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नाही; पण ज्याच्या घरी जावयाचे त्याची रीत ठाऊक असावी.

चौथा प्रकार युक्तिवादाचा. याविषयी आमच्या मुलांत आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, आमच्या कार्यकर्त्यांतही एक गैरसमज आहे. १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या मुलाला वाटते की युक्तिवाद म्हणजे चढा आवाज. तो लेखणीनेही टेबल बडवितो. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिले. त्यातील काही भाग गाळावा अशी मंडळाची इच्छा होती. त्यांनी गाळण्यास नकार दिला. परिषद झाली नाही आणि १९३६ साली त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. इतका ताण ज्या लेखनामागे आहे, त्यात परिच्छेदांची बांधणी मात्र अत्यंत थंड डोक्याने केलेली आहे.

जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच आहे आणि श्रमविभागणी तर प्रत्येक सुधारलेल्या समाजात असते, असा बचाव तेव्हा केला जाई. बाबासाहेब हा बचाव आधी पूर्णपणे मांडू देतात. त्याची टर उडवीत नाहीत, त्याला अर्धवट करून सांगत नाहीत. मग भेद दाखवितात: कामाची वाटणी वेगळी, आणि काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून, उतरंडीच्या कप्प्यांत बंद करणे वेगळे. त्यानंतर ती वाटणी माणसाच्या आवडीवर वा कुवतीवर ठरत नाही हा मुद्दा. त्यानंतर अर्थव्यवहारावर होणारा परिणाम. विरोधकाचे म्हणणे, त्यातील फट, आपला पुरावा, निष्कर्ष, असा हा क्रम आहे. दहावीच्या परीक्षेत ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ असा प्रश्न येतो, तेव्हा आम्ही मुलांना आधी स्वतःला न पटणारी बाजूच लिहावयास लावतो. ‘हाउएव्हर’ हा शब्द कोठे टाकावा, हे त्यांना मग सांगावे लागत नाही.

तुलनात्मक, कारण-परिणामाचा, कृती सांगणारा, व्याख्येचा असे आणखीही प्रकार पुस्तकांत दिलेले असतात. आमच्या मते ती विवेचनाचीच पोटजात आहे. त्यांची नावे पाठ करण्यात मुलांचा वेळ घालवू नये.

खऱ्या लेखनात हे प्रकार एकेकटे नांदत नाहीत. याचा अनुभव आम्हांस काही वर्षांपूर्वी आला. आमची एक जुनी विद्यार्थिनी सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करीत होती. अर्जासोबत इंग्रजीत निवेदन जोडावयाचे होते: मी कोण, हा विषय का घेतला, तुमच्याकडेच का यावयाचे. तिचा पहिला खर्डा आला. पहिल्या परिच्छेदात ‘पुअर’ हा शब्द पाच वेळा, ‘स्ट्रगल’ चार वेळा. सारे खरे होते आणि वाचणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. आम्ही फोनवर विचारले, “हाच विषय का गं?” तिने सहज सांगितले, “सर, आम्ही ऊसतोडीला गेलो तेव्हा धाकट्या भावाचं लसीचं कार्ड गावाकडेच राहिलं होतं. फडावर नर्सबाई आल्या, पण कार्ड नाही म्हणून डोस न देताच परत गेल्या. ते मला अजून आठवतं.” आम्ही म्हटले, हे खर्ड्यात कोठे आहे? तिचे उत्तर त्या पत्रे उडालेल्या मुलाच्या प्रश्नाहून फारसे वेगळे नव्हते: “असलं घरगुती कसं लिहायचं?”

दुसऱ्या खर्ड्यात तो प्रसंग आला. सात वाक्ये, एकही विशेषण नाही. त्याच्यामागे तिने विवेचनाचा परिच्छेद घातला: दरवर्षी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या आरोग्याच्या नोंदी गावातच का अडकून पडतात. मग युक्तिवादाचा: नोंद ठिकाणाशी न जोडता माणसाशी जोडली पाहिजे, त्यात कोणत्या अडचणी आहेत, आणि त्यासाठी या अभ्यासक्रमातील कोणते विषय तिला शिकावयाचे आहेत. एकाच लसीच्या कार्डातून तीन प्रकारचे तीन परिच्छेद झाले. तिसऱ्या आणि चौथ्या खर्ड्यांत आम्ही फक्त अव्यये आणि काळ तपासले.

तो चौथा खर्डा तिच्या परवानगीने आमच्या कपाटात आहे. दरवर्षी दहावीच्या मुलांना आम्ही तो नाव काढून, सर्व परिच्छेद एकमेकांस जोडून, सलग एका ठोकळ्यात टंकलेला देतो आणि पेन्सिलीने परिच्छेद पाडावयास सांगतो. पहिली तोड बहुतेकांना बरोबर सापडते. विवेचन संपून युक्तिवाद कोठे सुरू होतो, तेथे वर्गात वाद होतो. यंदा एका मुलाने ती तोड तिच्या मूळ तोडीच्या दोन वाक्ये आधीच पाडली. ती दोन वाक्ये नुसती माहिती देत नाहीत, ती आधीच बाजू घेत आहेत, असे त्याचे म्हणणे. आम्ही ती पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. त्याचे म्हणणे आम्हांस पटले असून तसे आम्ही तिला कळविलेही आहे.